बचावपटूची बखर

चरित्र हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवायला घेतला की चरित्र नेमके कुणाचे लिहायचे, हा प्रश्न ओघाने येतोच. यवतमाळमध्ये शिकवत असताना काही वर्षांपूर्वी मी हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारला. उत्तरे अपेक्षित होती : संत, समाजसुधारक, राज्यकर्ते, नट, क्रिकेटपटू. वणीकडून येणारा एक मुलगा मात्र म्हणाला, "सर, फुटबॉलमधल्या डिफेंडरचं चरित्र लिहिता येईल का? तो तर गोलच करत नाही नं." वर्ग हसला, मीही हसलो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. चरित्रलेखनाच्या साधनांविषयी आपण वर्गात जे काही बोलतो, त्या सगळ्यालाच तो प्रश्न आडवा जात होता, हे घरी गेल्यावर लक्षात आले.

खेळाचा लिखित इतिहास हा मुख्यतः घडलेल्या गोष्टींचा इतिहास असतो. कुणी गोल केला, कितव्या मिनिटाला केला, अंतिम धावफलक काय राहिला, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते आणि पुढे तेच सनावळीत जाऊन बसते. बचावपटूचे काम याच्या उलट आहे. जे घडू शकले असते ते त्याने घडू दिले नाही, एवढीच त्याची कमाई असते आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठे होत नाही. त्याचे नाव छापून येते ते बहुधा चूक झाल्यावर : त्याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला, त्याला लाल कार्ड मिळाले, पेनल्टी त्याच्यामुळे गेली. साहित्याच्या अभ्यासकाला हे दुःख नवे वाटू नये. चांगल्या संपादकाचे किंवा मुद्रितशोधकाचेही असेच असते. त्याने काढून टाकलेली वाक्ये वाचकापर्यंत पोचत नाहीत आणि त्याच्या नजरेतून सुटलेली एक चूक मात्र आवृत्तीभर मिरवते.

तरीही असे चरित्र लिहायचे ठरवले तर आपल्याजवळचे, आपल्या भाषाप्रदेशाला लागून असलेले एक उदाहरण आहे : गोव्याचे डेरिक परेरा. साळगावकर क्लबच्या बचावफळीत ते खेळले, भारतीय संघातही खेळले, आणि खेळ थांबवल्यावर क्लबांचे प्रशिक्षक झाले. वास्को, मुंबई, पुणे आणि पुन्हा गोवा असा हा प्रवास आहे. या एका माणसाच्या कारकिर्दीचे धागे सोडवत गेले की पश्चिम भारतातल्या क्लब फुटबॉलच्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आपोआप हाती लागतो आणि त्या इतिहासातली एक अस्वस्थ करणारी गोष्टही.

सुरुवात गोव्यापासून करायला हवी. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी शिवोली गावात फुटबॉल आणला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. चर्चलगतची मैदाने आणि गावोगावच्या स्पर्धा यांतून हा खेळ तिथल्या लोकजीवनात मुरला. एखादा खेळ गावात मुरणे ही एक गोष्ट आणि त्या खेळावर माणसाचे पोट भरणे ही दुसरी. दुसरी गोष्ट घडली ती उद्योगांमुळे. लोहखनिजाच्या खाणींवर उभ्या राहिलेल्या घराण्यांनी क्लब चालवले. साळगावकर क्लब १९५६ चा. धेंपो आणि सेझा ही नावेही खाणींच्याच जगातली. चांगला खेळणाऱ्या पोराला क्लबमध्ये जागा आणि त्याबरोबर कंपनीत नोकरी, हा त्या काळचा सरळ हिशेब होता. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर हे क्लब भारतीय स्पर्धांत उतरले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी कोलकात्याच्या मक्तेदारीला धक्का दिला. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला तो याच काळात. १९८८ आणि १९८९ अशा लागोपाठ दोन वर्षी साळगावकरने फेडरेशन करंडक जिंकला. तोवर गोव्यातल्या कुठल्याही क्लबला तो करंडक मिळाला नव्हता. परेरा या पिढीचे खेळाडू.

मुंबईची तऱ्हा थोडी निराळी होती. तिथे रोव्हर्स करंडक १८९१ पासून खेळला जात होता आणि सुरुवातीला तो लष्करी पलटणींचा होता. पुढे शहरात कापडगिरण्या, बँका, खतकारखाने आणि विमान कंपनी यांचे संघ उभे राहिले. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया ही नावे जुन्या मुंबईकरांना कूपरेजच्या मैदानासकट आठवतील. महिंद्रा कंपनीचा संघ १९६२ सालचा. तोच पुढे 'महिंद्रा युनायटेड' झाला. जीप बनवणाऱ्या कंपनीचा संघ म्हणून या खेळाडूंना 'जीपमेन' म्हणत. खाणमालक असो की गिरणीमालक, दोन्हीकडे क्लबचा प्राण मालकाच्या मुठीत होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्याभोवतीच फिरते.

इथे एका शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. युरोपातल्या फुटबॉलमध्ये 'मॅनेजर' म्हणजे संघाचा कर्ता पुरुष. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, खेळाडू विकत घ्यायचे आणि हरल्यावर नोकरी गमवायची, हे सगळे त्याच्याकडे. आपल्याकडे 'मॅनेजर' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो रेल्वेची तिकिटे सांभाळणारा, जर्सींची मोजदाद करणारा आणि जेवणाची कुपने वाटणारा गृहस्थ. डावपेचांची जबाबदारी आपण 'प्रशिक्षका'कडे दिली आणि हा शब्द शिकवण्याच्या व्यवसायातून उचलला. शब्द वेगळा असला तरी ओझे तेच राहिले. संघ हरला की प्रशिक्षकाची खुर्ची हलते. खेळाडूंची आणि परदेशी पाहुण्यांची जमवाजमव मात्र अनेकदा वरच्या मजल्यावर ठरते. अधिकार अर्धा आणि उत्तरदायित्व पूर्ण, अशी ही नोकरी आहे. महाविद्यालयात विभागप्रमुख राहिलेल्यांना ती अपरिचित वाटणार नाही.

वास्कोत प्रशिक्षकपदाचे धडे गिरवून परेरा महिंद्रा युनायटेडकडे आले. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली होती आणि मुंबईच्या एकाही क्लबला ती जिंकता आली नव्हती. २००५-०६ च्या हंगामात महिंद्रा युनायटेडने ती जिंकली. ईस्ट बंगाल दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्या संघात जोसे रामिरेस बार्रेतोसारखा ब्राझिलियन आघाडीवीर होता आणि बातम्यांत अर्थातच गोल करणारे झळकले. परंतु लीग ही एका सामन्याची गोष्ट नसते. करंडकाच्या स्पर्धेत एका दुपारचे तेज पुरते. लीगमध्ये महिनोन् महिने, रिकाम्या प्रेक्षागारांत, परगावच्या खडबडीत मैदानांवर गुण गोळा करावे लागतात. तिथे एक गोल कमी खाणे हे एक गोल जास्त करण्याइतकेच मोलाचे ठरते. बचावपटूला हा हिशेब आयुष्यभराच्या सवयीने ठाऊक असतो. याच क्लबने पुढे २००६ आणि २००८ साली आयएफए शील्ड व २००८ साली ड्युरँड करंडक जिंकला. २००७ च्या एएफसी चषकात त्याने उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली.

आणि २०१० साली हा क्लब बंद झाला. संघ तळाला गेला नव्हता, कंपनीचे दिवाळे निघाले नव्हते. यापुढे शालेय पातळीवरच्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचे आहे, असे कंपनीने सांगितले आणि हंगाम संपताच ४८ वर्षांचा संघ विसर्जित झाला. कंपनीला तसा अधिकार होता, हे मान्यच केले पाहिजे. इतकी वर्षे तोट्याचा खेळ पदरमोड करून चालवणाऱ्याने एक दिवस हात आखडता घेतला तर त्याला कृतघ्न म्हणता येत नाही. प्रश्न कंपनीच्या नीतिमत्तेचा नाहीच. देशाचे विजेतेपद मिळवल्यानंतर अवघ्या चार वर्षांत एखादी संस्था नाहीशी होऊ शकते आणि ती नाहीशी होऊ नये म्हणून काही करण्याचा अधिकार एकाही प्रेक्षकाला नसतो, या रचनेचा तो प्रश्न आहे.

परेरा त्याआधीच, २००९ साली, पुण्याला गेले होते. पुणे एफसी हा क्लब २००७ सालचा, पिरामल उद्योगसमूहाचा, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळणारा. फुटबॉलची जुनी परंपरा असूनही पुण्याला राष्ट्रीय पातळीवरचा संघ नव्हता. वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, आय-लीगमध्ये या संघाने तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये तो दुसरा आला आणि विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे गेले. क्लबने स्वतःची अकादमी उभी केली आणि वयोगटातल्या मुलांवर पैसा खर्च केला. क्लब कसा चालवावा याचा वस्तुपाठ म्हणून तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवले जाई.

२०१३ साली परेरा आपल्या मूळ क्लबमध्ये, साळगावकरमध्ये परतले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ड्युरँड करंडकाचा अंतिम सामना झाला आणि समोरासमोर आले साळगावकर व पुणे एफसी. साळगावकरने तो १-० असा जिंकला. एका बचावपटूच्या चरित्रकाराला यापेक्षा नेमका धावफलक मागता येणार नाही : एक गोल केला, एकही खाल्ला नाही, आणि समोर स्वतःच घडवलेला संघ. कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता तर समीक्षकांनी त्याला योगायोगाचा आश्रय घेतल्याबद्दल झोडपले असते.

पण त्या सामन्याचे खरे दुःख योगायोगात नाही. दोन वर्षांच्या आत त्या मैदानावरचे दोन्ही संघ राष्ट्रीय लीगच्या बाहेर गेले. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. तिच्यासाठी 'एफसी पुणे सिटी' नावाचा वेगळाच संघ आला. पुणे एफसी २०१४-१५ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही आणि त्याची अकादमी २०१६ साली या नव्या संघाने घेतली. हा नवा संघही २०१९ साली संपला. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. २०१६ सालीच साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तीन गोमंतकीय क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. नव्या आराखड्यात आय-लीगचे स्थान दुय्यम होणार, हा त्यांचा आक्षेप होता. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो काही वर्षांनी खालच्या श्रेणीतून पुन्हा वर आला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये खेळला. साळगावकरबाबत तसे झाले नाही.

परेरांच्या कारकिर्दीची यादी आता पुन्हा एकदा वाचून पाहावी. महिंद्रा युनायटेड : विसर्जित. पुणे एफसी : बंद. साळगावकर : राष्ट्रीय लीगबाहेर. त्यानंतर चर्चिल ब्रदर्स, २०१९ साली भारताचा २३ वर्षांखालील संघ, आणि सुपर लीगमधला एफसी गोवा. या शेवटच्या क्लबमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेर्रांदो हंगाम अर्ध्यावर सोडून कोलकात्याच्या संघाकडे गेले, तेव्हा घसरलेली गाडी सांभाळायला पुन्हा परेराच उभे राहिले. संघ त्या हंगामात नवव्या क्रमांकावर राहिला. नोंद एवढेच सांगते. हंगामाच्या मध्यावर, दुसऱ्याने निवडलेल्या खेळाडूंना घेऊन उभे राहण्याची वेळ ज्याच्यावर येते त्याच्या वाट्याला नेहमी असाच धावफलक येतो, हे नोंद सांगत नाही. बचावफळीत उभे राहण्याचे हे दुसरे रूपच म्हणायचे.

हा दुर्दैवाचा फेरा केवळ आपल्याकडचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. रुमानियाचा डॅन पेट्रेस्कू उजव्या बाजूचा बचावपटू. तो इंग्लंडमध्ये चेल्सीकडून १९९५ ते २००० या काळात खेळला. जग त्याला ओळखते ते १९९८ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध शेवटच्या क्षणी केलेल्या विजयी गोलामुळे. म्हणजे बचावपटू असूनही तो स्मरणात राहिला तो गोलासाठीच. निवृत्तीनंतर तो उरझिचेनी या लहानशा गावातल्या 'उनिरेआ' क्लबचा प्रशिक्षक झाला आणि २००८-०९ मध्ये या क्लबने रुमानियाची लीग जिंकली. पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये या संघाने ग्लासगोत जाऊन रेंजर्सला ४-१ असे हरवले. डिसेंबर २००९ मध्ये पेट्रेस्कू रशियातल्या क्लबकडे गेला. मालकाने हात काढून घेतला, खेळाडू विकले गेले आणि २०११ साली उनिरेआ संपला. विजेतेपदापासून विसर्जनापर्यंत दोन वर्षे लागली. मुंबईत चार लागली होती.

साम्य डोळ्यांत भरणारे आहे, पण फरकही नोंदवला पाहिजे. पेट्रेस्कूने त्यानंतर क्लुज शहराच्या क्लबबरोबर रुमानियाची विजेतेपदे मिळवली. एक क्लब बुडाला तरी त्याच्या भोवतालची व्यवस्था शाबूत होती. खालपासून वरपर्यंत श्रेणी होत्या. जिंकणाऱ्याने वर चढायचे आणि हरणाऱ्याने खाली यायचे, हा नियम ठरलेला होता. आपल्याकडे क्लबांबरोबर लीगही बदलली. १९९६ ची राष्ट्रीय लीग २००७ साली आय-लीग झाली आणि पुढे सुपर लीगने तिला खालच्या पायरीवर बसवले. परेरांनी महिंद्रासाठी जिंकलेली लीग आणि जिंकणारा क्लब, दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. विजेतेपद तेवढे उरले आहे आणि त्याला राहायला घर नाही.

कोलकात्याचे क्लब का टिकले, हा प्रश्न इथे सहज उद्भवतो. मोहन बागान १८८९ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. यांनाही भांडवलदार लागले, त्यांच्याही नावांना मागेपुढे कंपन्यांची नावे चिकटली. एफसी गोव्याचा प्रशिक्षक ज्यांनी नेला तो संघही असाच जोडनावाचा होता. पण तिथे क्लबचे सभासद आहेत, सभासदांच्या निवडणुका आहेत आणि नाव पुसले जातेय असे वाटले की रस्त्यावर उतरणारी माणसे आहेत. मोहन बागानच्या नावापुढे लागलेले 'एटीके' हे उपपद समर्थकांच्या रेट्यामुळे २०२३ साली काढावे लागले. मुंबईत किंवा पुण्यात प्रेक्षक होते, पण सभासद नव्हते. प्रेक्षकाजवळ तिकीट असते, त्याला मत नसते.

आम्हा यवतमाळकरांना हे समजायला फार दूर जावे लागत नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी 'शकुंतला' कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने घातलेल्या रुळांवरून धावली. देश स्वतंत्र झाला, बाकी रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, तरी या रुळांची मालकी दीर्घकाळ कंपनीकडेच राहिली. गाडीत बसणारे आम्ही, तिच्यावर लळा लावून बसलेलेही आम्हीच, आणि ती थांबली तेव्हा मात्र निर्णय आमचा नव्हता. लळा आणि मालकी यांच्यातले हे अंतर विदर्भातल्या माणसाने रुळांवर पाहिले, कूपरेजच्या प्रेक्षकाने ते मैदानावर पाहिले.

मग इतिहासलेखकाने काय करावे? बखरकारापुढे निदान एक दरबार असे. ज्याच्या आज्ञेवरून बखर लिहायची तो धनी, त्याचा वंश, त्याचे दप्तर यांचा आधार असे. विसर्जित क्लबाचे दप्तर कुठे जाते? कंपनीच्या कार्यालयातली एक खोली रिकामी करायची झाली की करंडक काचेच्या कपाटात हलतात आणि कागद रद्दीत. सरावाची टिपणे, संघनिवडीच्या याद्या, खेळाडूंशी झालेले करार, यांना साधन म्हणून मोल आहे, ही जाणीव त्या क्षणी कुणालाच नसते. उरतो तो माणूस. तीन-तीन बंद घरांत राहून आलेला प्रशिक्षक हेच अशा इतिहासाचे चालते दप्तर असते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मौखिक परंपरेविषयी, स्मृतीविषयी, उपेक्षितांच्या इतिहासाविषयी पुष्कळ वाचलेले असते. ती पद्धत वापरून पाहायला याहून योग्य क्षेत्र कुठले? आपल्या परिसरातल्या जुन्या कबड्डी मंडळांचे, व्यायामशाळांचे, बंद पडलेल्या गिरण्यांच्या संघांचे पंच, प्रशिक्षक, तालीमवाले अजून बोलू शकतात. त्यांच्याकडे जायला लागतो तो एका रविवारचा वेळ आणि एक वही.

नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉलचे काम उभे केले. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली 'झुंड' हा हिंदी चित्रपट केला तेव्हा ते देशभर माहीत झाले. चित्रपटाला नायक लागतो आणि तो मिळालाही. पण चित्रपट नसता, तर आपल्या जवळच्या जिल्ह्यातली ही गोष्ट आपण मराठीत कुठे आणि कधी लिहिली असती, हे स्वतःला विचारून पाहण्यासारखे आहे. महेश गवळींसारखा गोव्याचा आणखी एक नावाजलेला बचावपटू आज प्रशिक्षक झाला आहे. म्हणजे परंपरा चालू आहे. तिची नोंद चालू आहे असे म्हणवत नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नव्हते. आज द्यायचे झाले तर म्हणेन : लिहिता येईल. मात्र गोलांची यादी घेऊन बसलास तर दोन पानांत संपेल. तो ज्या ज्या क्लबात उभा राहिला त्या क्लबांचे काय झाले, ते कुणी उभारले, कुणी मोडले, मोडताना कुणाला विचारले आणि कुणाला विचारले नाही, हे शोधत गेलास तर ग्रंथ होईल. मात्र त्या ग्रंथात नायकाइतकीच जागा त्याच्या पाठीमागच्या जाळ्याला द्यावी लागेल. तो आयुष्यभर ज्याच्याकडे पाठ करून उभा राहिला, ते राखण्यासाठीच तर तो तिथे होता.